कातीव चषक, लंबगोल वाडगे

आमच्या संस्थेतील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होणार होते. शाल-श्रीफळ द्यायचेच होते, पण त्याशिवाय आपल्या हातांनी केलेले काहीतरी द्यावे असे आम्हा चौघांच्या मनात आले. आवारातील शिरिषाची एक जाड फांदी पावसात मोडून पडली होती आणि वर्कशॉपमध्ये लाकडाचा लेथ होता. त्या फांदीचा तुकडा घेऊन आम्ही तीन शनिवार खपलो आणि वीतभर उंचीचा एक चषक कातून काढला. वर पेला, मध्ये बारीक दांडा आणि खाली जाड गोल बैठक. फांदीचा गाभा बरोबर मध्यावर ठेवला होता, त्यामुळे बैठकीच्या तळाशी लाकडातली वलये कंपासने काढल्यासारखी एकात एक दिसत. त्या वलयांचाच आम्हाला अधिक अभिमान होता. मेण चोळून चषक कपाटात ठेवला. समारंभाच्या आठवडाभर आधी काढून पाहिला, तर बैठकीला कडेपासून गाभ्यापर्यंत सरळ भेग पडलेली आणि ती दांड्यात वर चढलेली. वरचा पेला मात्र शाबूत होता.

वर्कशॉपच्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, गाभा मध्येच ठेवलात होय? मग फुटणारच की तो."

"पण पेला का नाही फुटला?"

"तो पोकळ आहे ना. त्याला आकसायला जागा आहे."

आमच्यापैकी दोघे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर आहेत हे येथे सांगायला थोडी लाज वाटते. आम्ही ग्रंथालयात गेलो. लेथवरची पुस्तके पुष्कळ निघाली. कोणी कोणता सुधारित लेथ केला, त्याला दंतचक्रे किती, स्क्रूचे आटे कसे पाडायचे, सगळे होते. मिस्त्रींना ठाऊक असलेली गोष्ट मात्र त्यांतल्या बहुतेक पुस्तकांत नव्हती. हे असे का, याचा मागोवा घेताना जो इतिहास हाती लागला तो आमच्या चषकापेक्षा कितीतरी मनोरंजक आहे.

लेथ हे यंत्र म्हटले तर अगदी साधे. हत्यार फिरवायचे नाही, वस्तू फिरवायची आणि हत्यार स्थिर धरायचे. कुंभाराच्या चाकासारखीच ही कल्पना आहे, फक्त माती दाबली जाते आणि लाकूड कापले जाते. लेथचे सर्वांत जुने निर्विवाद चित्र इजिप्तमध्ये तूना एल-गेबेल येथील पेटोसिरिस नावाच्या धर्मगुरूच्या थडग्यात आहे. ते इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचे. त्यात दोन माणसे आहेत. एकजण वस्तूभोवती गुंडाळलेली दोरी आळीपाळीने ओढतो, दुसरा हत्यार टेकवून धरतो. भारतातही ही कला जुनी आहे. विश्वकर्म्याने आपल्या मुलीला सूर्याचे तेज सोसवेना म्हणून सूर्यालाच भ्रमीवर, म्हणजे लेथवर, चढवले आणि त्याचे तेज तासून काढले, अशी कथा विष्णुपुराणात आहे. तासून निघालेल्या तेजातून सुदर्शनचक्र झाले. लेथ आणि त्याखाली पडणाऱ्या कपच्या रोज पाहणाऱ्या समाजालाच अशी कथा सुचू शकते. आपल्या मराठीतला 'कातीव' हा शब्दही कातारी लोकांच्या कामातून आलेला आहे. नाकीडोळी रेखीव माणसाला आपण कातीव चेहऱ्याचा म्हणतो तेव्हा लेथची आठवण कोणाला होत नाही, एवढेच.

दोरीच्या लेथची एक मोठी अडचण आहे. वस्तू एकदा पुढे फिरते, एकदा मागे. पुढे फिरताना हत्यार कापते, मागे फिरताना ते किंचित दूर घ्यावे लागते. म्हणजे निम्मा वेळ फुकट. मध्ययुगीन युरोपात दोरी ओढणारा मदतनीस काढून टाकण्यात आला. दोरीचे वरचे टोक डोक्यावरच्या लवचिक काठीला बांधले, मध्ये तिचा वस्तूभोवती वेढा घेतला आणि खालचे टोक पायाने दाबायच्या फळीला जोडले. पाय दाबला की वस्तू पुढे फिरते, सोडला की काठी सरळ होऊन तिला मागे फिरवते. कारागिराचे दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे झाले. आपल्याकडचा कातारी जमिनीवर बसून एका हाताने कमान ओढतो आणि हत्यार दुसऱ्या हाताने व पायाच्या बोटांनी सावरतो. प्रश्न तोच, सोडवणूक निराळी. एकाच दिशेने सतत फिरणाऱ्या लेथचे रेखाटन लिओनार्दो दा व्हिंचीच्या वह्यांत आहे. त्यात पायाने चालणारी कणा-भुजा आणि जडचक्र आहे. पण साध्या वाडग्यांच्या कारागिरांनी काठी सोडली नाही. त्यांना ती पुरत होती, आणि ती रानात फुकट मिळत होती.

या काठीच्या लेथवर युरोपातील सामान्य माणसाची जवळजवळ सगळी भांडी होत असत. चिनी मातीची आणि काचेची भांडी स्वस्त होईपर्यंत माणसे लाकडाच्या वाडग्यात जेवत आणि लाकडाच्या पेल्यातून पीत. मापेही लाकडाचीच. लंडनमध्ये १३१० साली सहा कातारींना महापौरांसमोर बोलावून शपथ घालण्यात आली, की ठरलेली गॅलन, पॉटेल आणि क्वार्ट ही मापे सोडून दुसरे माप करणार नाही. प्रमाण मापांचा धडा शिकवताना आपण वजनमापांचे कायदे आणि पॅरिसची मीटरपट्टी सांगतो. त्याच्या कितीतरी आधी प्रमाणाची जबाबदारी लेथवर बसलेल्या माणसावर होती. पुढे १६०४ मध्ये राजा पहिला जेम्स याने लंडनच्या कातारींच्या मंडळाला सनद दिली.

या भांड्यांचा सर्वांत बोलका साठा समुद्रातून वर आला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका जुलै १५४५ मध्ये बुडाली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढण्यात आला. गाळात प्राणवायू पोचला नाही म्हणून लाकडी वाडगे आणि ताटल्या टिकल्या. कित्येकांवर खलाशांनी सुरीच्या टोकाने आपापल्या खुणा कोरल्या आहेत. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, म्हणजे राजवाड्यात. सोळाव्या शतकापासून युरोपच्या राजेरजवाड्यांना लेथचा छंद लागला. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट (कारकीर्द १५५३ ते १५८६) स्वतः हस्तिदंत कातत असे. सम्राट दुसरा रुडॉल्फही कातत असे. एका पायावर डोलणारे, कागदासारख्या पातळ भिंतीचे, नागमोडी कडांचे चषक या दरबारांत तयार होत. बरेच चषक सरदारांना किंवा शेजारच्या राजांना भेट म्हणून जात. राजाच्या हातची वस्तू हा मोठाच मान. शिवाय राजपुत्राने लेथ शिकावा, त्याने भूमिती हातात उतरते आणि संयम येतो, असे त्या काळी मानत. आमचा तीन शनिवारांचा अनुभव संयमाच्या बाबतीत वेगळा आहे, पण ते असो.

या छंदाला शास्त्राची बैठक देणारा मनुष्य आपल्याला एका वेगळ्याच कारणाने परिचित असायला हवा. शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात जो चाफा असतो, जाड फांद्यांचा, पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा, त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया. हे नाव शार्ल प्लुमिए (१६४६ ते १७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. प्लुमिए मिनिम पंथाचा साधू होता. या पंथाचे लोक मांस, अंडी, दूध, सगळेच वर्ज्य मानत. तो कॅरिबियन बेटांवर तीनदा गेला आणि तिथल्या शेकडो वनस्पतींची त्याने वर्णने व चित्रे केली. पण तरुणपणी तो गणित शिकला होता आणि उपकरणे करता करता लेथवर त्याचा हात बसला होता. १७०१ मध्ये ल्योन येथे त्याने 'कातकामाची कला' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, लॅटिन आणि फ्रेंच मजकूर शेजारी-शेजारी छापून. या विषयावरचा हा पहिला सविस्तर ग्रंथ. त्यातील कोरीव चित्रांत लेथचा प्रत्येक भाग सुटा करून दाखवला आहे.

त्यातले सर्वांत नवलाचे यंत्र म्हणजे गुलाब-लेथ. साध्या लेथवर वस्तूचा आडवा छेद नेहमी वर्तुळच येतो, कारण अक्ष हलत नाही. गुलाब-लेथमध्ये दांड्यावर पाकळ्यांच्या कडेची एक तबकडी बसवलेली असते आणि ती एका अडसरावर टेकते. तबकडी फिरते तसा सगळा दांडा मागेपुढे झुलतो, आणि स्थिर हत्यार वस्तूवर पाकळ्यांचा आकार कापते. यातून निघणाऱ्या वक्ररेषा इतक्या गुंतागुंतीच्या असतात की फ्रेंच गणिती ला काँदामीन याने १७३४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांवर निबंध मांडले. चषकाच्या नक्षीतून निघालेली भूमिती अकादमीपर्यंत पोचली ती अशी.

या सगळ्या कातारी राजांत अग्रणी रशियाचा पीटर द ग्रेट. राजवाड्यात त्याची स्वतःची लेथशाळा होती आणि राज्यकारभाराच्या मसलतीही तिथे होत. प्लुमिएच्या ग्रंथाचे रशियन भाषांतर त्याच्यासाठी करवून घेण्यात आले होते. १७१६ मध्ये प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याने त्याला सुप्रसिद्ध 'अंबर कक्ष' भेट दिला, म्हणजे अंबराच्या तक्त्यांनी मढवलेली अख्खी खोली. फ्रेडरिक विल्यमला उंच सैनिकांचे वेड होते. पीटरने परतभेट म्हणून पन्नासहून अधिक धिप्पाड शिपाई पाठवले, एक लेथ पाठवला आणि स्वतः कातलेला एक चषक पाठवला. शिपाई माणसे होती, त्यांना कोणी विचारले नसणार. त्या यादीत चषकाच्या शेजारी त्यांची गणना व्हावी हे आज वाचताना खटकते.

त्या चषकाला 'हाताने केलेला' म्हणावे काय? प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. १७१२ पासून पीटरच्या लेथशाळेत आंद्रेई नार्तोव्ह (१६९३ ते १७५६) हा विलक्षण बुद्धीचा कारागीर होता. त्याने जे लेथ घडवले त्यांत हत्यार माणसाच्या हातात नसे. ते एका सरकत्या बैठकीत घट्ट बसवलेले असे आणि ती बैठक स्क्रू व दंतचक्रांच्या साहाय्याने आपोआप पुढे सरके. दुसरी एक बोटासारखी काडी नमुन्यावरून फिरे आणि तिच्या हालचालीबरहुकूम हत्यार कापत जाई. कारागिराच्या मनगटातले कौशल्य यंत्रात उतरले होते. अशा लेथवर राजानेच काय, कोणीही बऱ्यापैकी चषक कातला असता. नार्तोव्हने पॅरिसला नेलेला लेथ तिथल्या 'म्युझे दे झार ए मेतिए' या संग्रहालयात आहे.

येथे शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. हत्यार धरणारी सरकती बैठक, म्हणजे स्लाइड रेस्ट, इंग्लंडच्या हेन्री मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास 'शोधली', असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते तसे शिकवू नये. नार्तोव्ह त्याच्या ऐंशी वर्षे आधीचा आहे, आणि फ्रान्समध्ये व्होकान्सोंचा लोखंडी लेथ १७५१ च्या सुमाराचा आहे. मॉड्स्लेचे श्रेय निराळे आणि मोठे आहे. त्याने ही कल्पना जड लोखंडी यंत्रात बसवून अचूक स्क्रू कापण्याच्या कामी लावली, आणि त्यातून यंत्रे घडवणारी यंत्रे निघाली. नार्तोव्हची कल्पना एवढी वर्षे का अडून राहिली? आम्हाला वाटते, त्याचे कारण गिऱ्हाइकात आहे. राजाला वर्षाकाठी पाच-दहा चषक आणि पदके हवी होती, हजार सारखे स्क्रू नको होते. नार्तोव्हने आपल्या यंत्रांवर सचित्र ग्रंथही लिहिला होता. पण पीटर केव्हाच वारला होता आणि पुढच्या राज्यकर्त्यांना लेथमध्ये रस नव्हता. तो ग्रंथ हस्तलिखितातच राहिला.

तरी त्याचे हस्तलिखित उरले, प्लुमिएचे पुस्तक उरले, संग्रहालयात लेथ उरले. वाडगे करणाऱ्यांचे काय उरले? त्यांच्याविषयी कोणी ग्रंथ लिहिला नाही. ते स्वतः लिहिणारे नव्हते आणि लिहिणाऱ्यांना वाडग्यात लिहिण्यासारखे काही दिसले नाही. आमची पुस्तके मिस्त्रींच्या ज्ञानाबाबत मुकी का होती, याचे उत्तर येथे आहे.

इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यात बकलबरी कॉमन नावाचे माळरान आहे. तिथे जॉर्ज लेली (१८६९ ते १९५८) हा काठीच्या लेथवर वाडगे कातून पोट भरणारा शेवटचा कारागीर राहत असे. तो एल्मच्या एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढी. नेहमीचा कारागीर वाडग्याच्या पोटातले लाकूड कपच्या करून टाकून देतो. लेली लांब, आकड्यासारखे वाकवलेले हत्यार बाजूने आत घालून पोटातला गड्डा अख्खा सोडवी आणि त्याचा पुढचा वाडगा करी. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात हत्यार लाकडाच्या आत, दिसेनासे, मागेपुढे फिरणाऱ्या वस्तूत चालवायचे असते. वळण जरा चुकले की आतला किंवा बाहेरचा वाडगा गेलाच. प्रत्येक आकाराच्या वाडग्याला निराळ्या वळणाचा आकडा लागे.

१९२७ मध्ये एच. व्ही. मॉर्टन या लेखकाने इंग्लंडवरील आपल्या प्रवासवर्णनात लेलीविषयी लिहिले आणि तो प्रसिद्ध झाला. लोक त्याला पाहायला येत, वाडगे विकत घेत, भेट म्हणून देत. शिकायला राहिला कोणी नाही. तो वारला तेव्हा त्याचा लेथ आणि आकडे रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेले. हत्यारे काचेआड सुरक्षित होती, आणि ती कशी धरायची हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

पुढे रॉबिन वुड नावाच्या इंग्रज कारागिराने ती हत्यारे बारकाईने पाहिली, मापे घेतली आणि स्वतः लोहारकाम शिकून तसे आकडे घडवले. मग लेथवर बसून, लाकूड वाया घालवत, ती कला त्याने पुन्हा हस्तगत केली. २००५ मध्ये त्याने लाकडी वाडग्याच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. जिवंत गुरूकडून काही महिन्यांत मिळाले असते ते असे खोदून काढावे लागले.

आता मिस्त्रींच्या वाक्याकडे वळू. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतले पाणी उडून जाते तेव्हा लाकूड हलके होते, आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतीतले पाणी जाऊ लागते आणि आकुंचन सुरू होते. पण ते सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीत ते नगण्य असते. वलयांच्या कडेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. सोयीसाठी ८ टक्के आणि ४ टक्के धरू.

फळ्यावर हे गणित जरूर करून दाखवावे. आमच्या चषकाच्या बैठकीची त्रिज्या ४ सेंटिमीटर, म्हणजे परिघ २५.१ सेंटिमीटर. त्रिज्या ४ टक्के घटून ३.८४ झाली, तर बंद वर्तुळाला २४.१ सेंटिमीटर परिघ हवा. पण परिघावरचे लाकूड ८ टक्के आकसून २३.१ सेंटिमीटरच उरते. एक सेंटिमीटर कमी पडतो. तो कोठून आणायचा? लाकूड फाटते, आणि फाटते ते गाभ्यापासून कडेपर्यंत. हे आकडे लाकूड पूर्ण कोरडे झाले तर. कपाटातल्या हवेत ते तेवढे वाळत नाही, शिवाय थोडा ताण लाकूड सोसते, म्हणून आमची भेग चार मिलिमीटरची होती. पेल्यात मात्र आतले लाकूड काढून टाकलेले. भिंत अरुंद वलयासारखी, आत अडवणारे काही नाही. परिघ आकसला तर पेला जरा लहान झाला, बस्स. मिस्त्रींनी "आकसायला जागा" म्हटले ते हेच.

वाडग्याचे कारागीर हे शतकानुशतके जाणून होते. ते ओंडका उभा फोडून दोन अर्धे करत, गाभ्याचा भाग तासून टाकत आणि ओले असतानाच सारख्या जाडीचा पातळ वाडगा कातत. ओले लाकूड मऊ कापते, पायाच्या बळाला झेपते. मग वाडगा सावलीत सावकाश वाळे. त्याचे तोंड तंतूंच्या दिशेने जवळजवळ तेवढेच राही आणि आडवे आकसे. वीस सेंटिमीटरचा वाडगा एका बाजूने एखाद्या सेंटिमीटरने कमी भरे. जुने वाडगे लंबगोल दिसतात ते कारागिराचा हात चुकला म्हणून नव्हे.

दुसरा चषक मिस्त्रींनी उभे राहून आमच्याकडून करून घेतला. त्याच फांदीचा उरलेला तुकडा चिरून, गाभा पूर्ण बाजूला ठेवून, बैठकही आतून पोखरून. तो कागदात गुंडाळून कोपऱ्यात वाळत ठेवला. अर्थात समारंभाला तो तयार नव्हता. शाल-श्रीफळावर भागवले आणि दीड महिन्याने चषक सरांच्या घरी नेऊन दिला. सरांनी आत जाऊन व्हर्निअर कॅलिपर आणला, तोंडाचा व्यास दोन दिशांनी मोजला आणि दीड मिलिमीटरचा फरक निघाल्याचे आम्हाला सांगितले. मग त्यांनी विचारले, "वलये कोणत्या बाजूने जातात, बघितलेत का?"